दाट वस्तीच्या डोंगरांवर माती कशी खंगते, आणि घातलेले बांध का मोडले जातात

२०२३च्या मे महिन्यात रवांडाच्या पश्चिम आणि उत्तर भागात एका रात्रीच्या पावसाने दरडी कोसळल्या, ओढे-नद्या फुगल्या आणि १३०हून अधिक माणसे दगावली. पुढच्या वर्षी जुलैत दक्षिण इथियोपियातल्या गोफा भागात डोंगरउतार खाली आला. पहिल्या दरडीत गाडलेल्यांना काढायला धावलेले लोक दुसऱ्या दरडीखाली सापडले आणि मृतांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. अशा बातम्यांनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो: इतक्या उभ्या उतारावर लोक शेती करतातच कशाला?

दरड एका रात्रीत कोसळते, म्हणून तिची बातमी होते. त्याच डोंगरांवर प्रत्येक मोठ्या पावसात नखाच्या जाडीइतकी माती निघून जाते, तिची बातमी होत नाही. पण शेतकऱ्याचे पोट त्या नखाएवढ्या थरावर असते. आणि इथे एक कोडे आहे. युगांडाच्या नैऋत्येला कबाले भागातल्या दाट वस्तीच्या डोंगरांवर १९४०च्या दशकापासून मातीचे बांध घातले गेले. पुढच्या पिढ्यांनी त्यांतले कित्येक बांध स्वतःच्याच कुदळीने खणून काढले. लांबून पाहणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्यामागे चोख हिशेब दिसतो. तो हिशेब कळण्यासाठी आधी माती कुठून कुठे जाते ते पाहावे लागेल.

डोंगरावर एवढी माणसे आली कुठून?

रवांडाचे क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर. २०२२च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ कोटी ३२ लाख भरली, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ५००हून अधिक माणसे, आणि त्यांतली बहुसंख्य शेतीवर जगणारी. बुरुंडी, युगांडाचा नैऋत्य कोपरा, इथियोपियाचा उंच प्रदेश, जावा बेटावरचे ज्वालामुखींचे उतार इथलेही चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे.

हे सगळे लोक हाकलले गेल्यामुळे डोंगरावर चढले, असा समज आहे. उष्ण कटिबंधात बहुतेक वेळा उलटे घडले. दीड ते अडीच हजार मीटर उंचीवर हवा थंड, मलेरियाचा डास कमी, पाऊस भरवशाचा. विषुववृत्ताजवळ तर वर्षाला दोन पावसाळे. ज्वालामुखीची राख जिथे पडली तिथली माती कसदार. खालचा सपाट मुलूख बऱ्याच ठिकाणी कोरडा किंवा रोगट होता. लोक चांगल्या जमिनीवर राहिले आणि वाढले.

आज एका कुटुंबाकडे जेमतेम अर्धा हेक्टर जमीन असते, आणि तीही वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-पाच तुकड्यांत. तुकड्यांमागे शहाणपण आहे: गारपीट किंवा रोग सगळीकडे एकदम येत नाही, उंचीप्रमाणे पीक मागेपुढे पक्व होते आणि कामाचा ताण वाटला जातो. पण वाटणी होताना शेत अनेक ठिकाणी उभ्या पट्ट्यांत चिरले जाते, म्हणजे प्रत्येक भावाला थोडा माथा आणि थोडा पायथा मिळतो. बांध मात्र आडवा जायला हवा. तो पाच भावांच्या पट्ट्यांतून सलग गेला तरच टिकतो, आणि मधल्या एकाने नकार दिला की वरचे सगळे पाणी त्याच फटीतून घुसते.

आणखी एक गोष्ट गेली ती म्हणजे पडीक ठेवण्याची सवड. पूर्वी दोन-तीन वर्षे पीक घेऊन जमीन कित्येक वर्षे झुडपांखाली सोडत. अर्ध्या हेक्टरवर सहा माणसे जगवायची असताना ते शक्य राहत नाही.

माती जाण्याच्या चार वाटा

पहिली वाट पावसाची. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आपटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त. उघड्या ढेकळावर तो बसला की ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात, आणि उतारावर खालच्या बाजूला उडालेला कण वरच्या बाजूला उडालेल्यापेक्षा लांब पडतो. फुटलेली बारीक माती जमिनीच्या छिद्रांत बसून पापुद्रा तयार होतो, पाणी मुरेनासे होते आणि वाहू लागते. वाहत्या पाण्याने जमिनीचा वरचा थर निघून जाणे म्हणजे धूप. पाणी आधी चादरीसारखे पसरून वाहते, मग बोटभर रुंद ओघळींत जमते आणि शेवटी घळ पडते. घळ दिसते म्हणून माणसे घळीवर दगड रचतात. पण शेतातली कसदार माती बहुतेक चादरीच्या टप्प्यातच निघून गेलेली असते.

इथे उताराचा हिशेब समजून घ्यावा. १०० मीटर आडवे गेल्यावर २० मीटर चढ असेल तर तो २० टक्के उतार. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. उतार १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला की धूप दुप्पट होऊन थांबत नाही, अडीच-तीन पट होते. उताराची लांबी चौपट झाली तर हेक्टरी धूप साधारण दुपटीने वाढते. उतार कमी करणे कठीण असते, लांबी तोडणे सोपे असते. सगळ्या बांधबंदिस्तीमागे हाच विचार आहे.

दुसरी वाट कुदळीची, आणि हिच्याकडे फार कमी लक्ष जाते. उभ्या उतारावर माणूस तोंड चढाकडे करून खणतो, कारण तसेच उभे राहता येते. प्रत्येक घावाला माती स्वतःकडे, म्हणजे खाली, ओढली जाते. पावसाचा एक थेंब न पडताही हंगामागणिक शेताची वरची कड पातळ होते आणि खालच्या कडेला माती साचते. शेताच्या वरच्या टोकाला मातीचा रंग फिका दिसत असेल, तर तिथे आतला मुरूम उघडा पडला आहे आणि तो उघडण्यात कुदळीचा मोठा वाटा आहे.

तिसरी वाट पोत्याची. एक टन मका शेताबाहेर गेला की दाण्यांबरोबर १५-१६ किलो नत्र (नायट्रोजन) जाते. दहा टन बटाट्यांबरोबर ३० ते ३५ किलो नत्र आणि त्याहूनही जास्त पालाश (पोटॅशियम) जाते. धाटे जनावरांना, शेण चुलीला अशी विल्हेवाट लागली तर परत काहीच येत नाही. इथियोपियाच्या उंच भागात सरपण संपल्यामुळे शेण जाळणे ही मोठी गळती आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा असा ताळेबंद १९९०मध्ये मांडला गेला, तेव्हा पिकाखालच्या जमिनीतून दर हेक्टरी वर्षाला सरासरी २२ किलो नत्र, अडीच किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १५ किलो पालाश कमी होत असल्याचे निघाले. दाट वस्तीच्या डोंगरी देशांत हा तुटीचा आकडा सरासरीहून मोठा होता. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. बांध अगदी शाबूत असलेल्या शेतातही ती चालू असते.

चौथी वाट आम्लतेची. भरपूर पावसाच्या उंच प्रदेशात पाणी मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खोल वाहून नेते. मातीचा सामू (pH, आम्लता दाखवणारा अंक; जितका कमी तितकी माती आम्ल) ५.५च्या खाली घसरला की तिच्यातले अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके आखूड आणि जाड होतात. स्फुरद घातले तरी ते मातीला चिकटून बसते आणि पिकाला मिळत नाही. अशा जमिनीत नुसते खत घालणारा शेतकरी दोन हंगामांत म्हणतो, ‘खताने काही होत नाही.’ त्या जमिनीपुरते त्याचे म्हणणे खरे असते.

नखाएवढा थर किती मोठा?

एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली म्हणजे १० घनमीटर, वजनात १२ ते १३ टन. इथियोपियाच्या उंच प्रदेशातल्या पेरणीखालच्या जमिनीसाठी स्विस भूगोलतज्ज्ञ हान्स हुर्नी यांनी वर्षाला हेक्टरी सरासरी ४२ टनांचा अंदाज मांडला होता. म्हणजे वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास. कसदार थर २० सेंटिमीटरचा धरला, तर तो साठेक वर्षांत संपतो. नवी माती खडकातून तयार व्हायला मात्र एका मिलिमीटरला सहसा दहा वर्षांहून कितीतरी जास्त काळ लागतो.

एक सावधगिरी इथे हवी. एका शेतातून निघालेली सगळी माती नदीला मिळत नाही. बरीचशी खालच्या शेतात, बांधामागे, पायथ्याशी अडते. त्यामुळे शेतातल्या धुपेचा आकडा देशाच्या क्षेत्रफळाने गुणून ‘इतके अब्ज टन समुद्रात गेले’ असे सांगणारे गणित चुकते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र माती शेजाऱ्याच्या शेतात गेली काय आणि समुद्रात गेली काय, त्याची ती गेलीच. शिवाय पाणी निवडून नेते: हलके, बारीक, सेंद्रिय कण आधी. वाहून गेलेली माती मागे उरलेल्या मातीपेक्षा सहसा जास्त कसदार असते.

बांध आणि मजगी: काम नेमके कसे होते

पूर्व आफ्रिकेत सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ‘फान्या जू’, स्वाहिलीत ‘वर टाक’. उताराला आडवा, सारख्या पातळीवर चर खणायचा, ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल, आणि निघालेली माती चराच्या वरच्या अंगाला टाकून बांध करायचा. बांध आणि चराच्या काठात वीतभर मोकळी जागा सोडायची, नाहीतर पहिल्याच पावसात माती पुन्हा चरात येते. माती खाली टाकणे सोपे असते, पण वर टाकलेल्या बांधामागे माती साचत जाते आणि दहा-पंधरा वर्षांत शेताला आपोआप पायऱ्या पडतात. इथे कुदळीची ती खाली ओढण्याची खोड उपयोगी पडते. पायरी भरण्याचे निम्मे काम तीच करते.

दोन बांधांत अंतर किती ठेवायचे? केनियातला सोपा नियम असा: उताराच्या टक्क्यांना ४ने भागा, २ मिळवा, ०.३ने गुणा. २० टक्के उताराला (५ + २) × ०.३ = २.१. म्हणजे पुढचा बांध उंचीत २.१ मीटर खाली, जमिनीवर साडेदहा मीटर पुढे. हेक्टरी साधारण ९५० मीटर चर, ३४० घनमीटर खोदाई. एक माणूस दिवसाला तीन घनमीटर खणतो असे धरले तर ११५ मनुष्यदिवस. हे काम कोरड्या हंगामातच करता येते, आणि घरातला धडधाकट माणूस त्याच दिवसांत मजुरीला बाहेर गेलेला असतो.

सारखी पातळी शोधायला महागडे यंत्र लागत नाही. दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून खाली फाकवायच्या, मध्ये आडवी काठी बांधायची, आणि वरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. दोन्ही पाय दोन खुंट्यांवर टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे स्पर्श करते तिथे खूण करायची, मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती पातळीची. दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका उंचीवर आहेत. ही तपासणी रोज सकाळी करावी, कारण गाठी सैल होतात. वारा असताना काम करू नये. डोळ्यांच्या अंदाजाने आखलेला बांध जवळपास नेहमी एका टोकाला उतरता निघतो, पाणी त्या टोकाला जमते, बांध फुटतो आणि जिथे घळ नव्हती तिथे घळ पडते. चुकीचा बांध हा बांध नसण्यापेक्षा वाईट.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी जादा पाणी उतरण्याची वाट ठरवून तिच्यात गवत लावायचे, मग सगळ्यांत वर डोंगराचे पाणी अडवणारा चर, मग वरून खाली बांध. बांधावर हत्ती गवत किंवा वाळा पहिल्या पावसातच लावायचा. वाळ्याची ठोंबे एकमेकांपासून वितीपेक्षा जास्त अंतरावर नकोत, नाहीतर फटींतून पाणी जाते. पहिले वर्ष गुरे बांधावर सोडायची नाहीत.

उतार ३५ टक्क्यांच्या वर गेला की बहुतेक ठिकाणी मजगी लागते, म्हणजे डोंगर कापून एकदम सपाट पायऱ्या. इथे खर्चाचा आकडा उडी मारतो. ४० टक्के उतारावर चार मीटर रुंद पायरी काढायची, तर पायरीची उंची १.६ मीटर आणि आतल्या बाजूला कापाची खोली ८० सेंटिमीटर येते. हेक्टरी दोन हजार घनमीटर माती हलवावी लागते, म्हणजे ६५०हून अधिक मनुष्यदिवस. आणि कसदार थर तर वरच्या २० सेंटिमीटरमध्येच असतो. घाईने कापले की तो तळाशी गाडला जातो आणि मुरूम वर येतो. म्हणून काम खालून सुरू करतात: खालची पायरी कापून झाली की तिच्या वरच्या पट्ट्याचा काळा थर खरवडून त्या तयार पायरीवर पसरायचा, मग तो पट्टा कापायचा. पायरी आत, डोंगराकडे, एक ते तीन टक्के कललेली ठेवायची आणि लांबीत शंभर मीटरला अर्धा ते एक मीटर उतार द्यायचा, म्हणजे पाणी हळू चालत वाटेला लागते.

वरचा थर न जपल्याची किंमत टांझानियाच्या उलुगुरु डोंगरांत दिसली. ब्रिटिश राजवटीने तिथे मजगी सक्तीची केली. कापलेल्या पायऱ्यांवर निकस माती वर आली, पीक घटले, आणि १९५५मध्ये लोक रस्त्यावर उतरले; दंगलीत गोळीबार झाला आणि योजना गुंडाळावी लागली. शेतकरी अडाणी आहेत असा निष्कर्ष तेव्हाही काढला गेला.

मग कबालेचे शेतकरी बांध का मोडतात?

कारण बांधात शेतातली सर्वांत चांगली माती असते. वीस वर्षे वरून खाली सरकलेला सगळा कस तिथे साचलेला, आणि दोन बांधांमधल्या पट्टीची वरची कड उपाशी. शेतात दुसरे खत नसेल तर बांध म्हणजे साठवलेले खत. शेतकरी तो खणून पसरतो आणि दोन-तीन हंगाम पीक काढतो. शिवाय बांधाच्या गवतात उंदीर-घुशी राहतात आणि रताळी-बटाटे पोखरतात. आणि चर, बांध, मोकळी जागा मिळून साडेदहा मीटरमधले जवळजवळ दोन मीटर अडतात. अर्ध्या हेक्टरवाल्याला ते परवडत नाही.

तेव्हा माती अडवणे हा अर्धा भागच झाला. अडवलेल्या मातीला खायला घातले नाही तर बांध फार दिवस उभा राहत नाही, आणि शेतकऱ्याला व्याख्याने देऊन त्यात फरक पडत नाही. बांधाने त्याला पहिल्या-दुसऱ्या हंगामातच काहीतरी द्यायला हवे.

सर्वांत सोपी देणगी म्हणजे चारा. बांधावरचे गवत कापून गोठ्यात आणायचे, गाय बांधून ठेवायची, शेण-मूत आणि उष्टावळ एकत्र कुजवायची. हिशेब करून पाहा. एका देशी गाईचे वर्षाला तीन-चार टन ओले शेण; उष्टावळ मिसळून पाचेक टन शेणखत होऊ शकते. म्हणजे अर्ध्या हेक्टरला हेक्टरी दहा टनांच्या हिशेबाने पुरेसे, आणि त्यात २५ किलोच्या आसपास नत्र, जरी पहिल्या वर्षी त्याचा एखादा तृतीयांशच पिकाला मिळत असला. अर्ध्या हेक्टरच्या बांधांवरचे गवत मात्र त्या गाईच्या वर्षाच्या चाऱ्याचा तिसरा हिस्सा जेमतेम भागवते. उरलेला धाटांतून, वेलांतून आणि शेवरी, सुबाभूळ यांसारख्या झाडांच्या पाल्यातून काढावा लागतो. रवांडाने २००६मध्ये गरीब कुटुंबांना एकेक गाय देण्याची योजना सुरू केली. पहिली कालवड शेजारच्या कुटुंबाला द्यायची अट. दुधासाठी म्हणून ओळखली जाणारी ही योजना डोंगरउतारावर तेवढीच शेणासाठी महत्त्वाची आहे.

खत नेहमी पट्टीच्या वरच्या, फिक्या कडेला जास्त टाकावे. सगळीकडे सारखे पसरले की खालच्या कडेचे पीक लोळते आणि वरचे पिवळेच राहते.

सामू ५.५च्या खाली असेल तर आधी चुना. माती तपासून हेक्टरी दोन ते चार टन लागतो असे निघते, आणि रस्ता नसलेल्या डोंगरावर चार टन चुना डोक्यावरून चढवणे कुणालाही जमत नाही. मग हंगामाला हेक्टरी पाच क्विंटल चुना नुसता ओळीत, मुळांच्या पट्ट्यात मिसळायचा. पूर्ण परिणाम होत नाही, पण पीक उभे राहते. शेवटची मशागत झाल्यावर वरून शिंपडलेला चुना वरच राहतो. तो कुदळीच्या खोलीपर्यंत मातीत मिसळायलाच हवा.

‘सेंद्रिय शेती केली की प्रश्न सुटेल’

सेंद्रिय पदार्थाशिवाय डोंगरावरची जमीन जगत नाही हे खरे. पण दुसऱ्या शेतातून पाला आणून एका शेतात आच्छादन केले, तर एकाचे पोट भरून दुसऱ्याचे रिकामे होते. रवांडा-बुरुंडीत कॉफीखाली गवताचे जाड आच्छादन असते आणि तिथे धूप फारच कमी असते. ते गवत ज्या उतारांवरून कापले गेले, ते मात्र उघडे पडतात. हवेतले नत्र कडधान्ये आणि शेंगावर्गीय झाडे जमिनीत आणू शकतात. स्फुरद आणि पालाश हवेतून येत नाहीत. संपलेल्या डोंगरी जमिनीत थोडे तरी रासायनिक खत बाहेरून आणावे लागते, आणि ते शेणखताबरोबर, बियाण्याजवळ, मापाने द्यावे. इथे तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी सहा माणसांचे जेवण अर्ध्या हेक्टरवर काढून दाखवावे, असे मनापासून वाटते.

‘माणसे कमी झाली की डोंगर सावरेल’

केनियातल्या माचाकोस भागाला १९३०च्या दशकात सरकारी अधिकाऱ्यांनी उजाड होत चाललेला मुलूख ठरवले होते. लोकसंख्या १९३०च्या अडीच लाखांच्या आसपासून १९९०पर्यंत १४ लाखांवर गेली. या काळात शेतांना पायऱ्या पडल्या, धूप घटली आणि माणशी शेती-उत्पादनही वाढले. सरकारने सुचवलेले अरुंद बांध सोडून लोकांनी ‘फान्या जू’ निवडला. बायकांच्या कामगटांनी आळीपाळीने एकमेकींच्या शेतांवर चर खणले. पैसा कॉफी, फळे, भाजी आणि शहरातल्या नोकऱ्यांतून आला. नैरोबी जवळ होते. ही शेवटची गोष्ट विसरून माचाकोसचा दाखला कुठल्याही दुर्गम डोंगराला लावणे चूक आहे. गर्दीने आपोआप सुधारणा होत नाही. मेहनतीला बाजार मिळाला तेव्हा ती झाली.

उलट बाजू येमेनची. तिथल्या शेकडो वर्षांच्या दगडी पायऱ्या १९७०च्या दशकात ढासळू लागल्या, कारण तेलाच्या पैशामुळे पुरुष आखाती देशांत कामाला गेले आणि दगड पुन्हा रचायला माणूस उरला नाही. नेपाळच्या मधल्या डोंगरांतही गाव रिकामे झाल्यावर पायऱ्यांच्या भिंती फुटताना दिसतात. एकदा पायऱ्या केलेला डोंगर सोडून देता येत नाही. सोडायचा तर आधी पाण्याच्या वाटा बांधून, गवत-झाडे धरवून सोडावा लागतो.

‘झाडे लावा, सगळे ठीक होईल’

झाडाचा माथा उंच असेल आणि खाली जमीन झाडून काढल्यासारखी उघडी असेल, तर पानांवर जमून पडणारे मोठे थेंब उघड्या शेताइतकेच, कधी जास्त, नुकसान करतात. आठेक मीटर उंचीवरून पडलेला थेंब जवळजवळ पूर्ण वेग गाठतो. धूप थांबवतो तो जमिनीवरचा पालापाचोळा आणि गवत. झाड हवेच, पण त्याखालचा पाचोळा सरपणासाठी गोळा होत असेल तर उपयोग थोडा.

‘डोंगरी शेतकऱ्यांमुळे खाली पूर येतात’

१९७०च्या दशकात हिमालयाबद्दल हेच सांगितले जात होते: डोंगरात जंगल तुटले म्हणून मैदानात पूर. जॅक आइव्ह्स आणि ब्रुनो मेसर्ली या भूगोलतज्ज्ञांनी १९८९मध्ये ही साखळी तपासून ती पुराव्यावर टिकत नसल्याचे दाखवले. उठता डोंगर, भूकंप आणि मोसमी पाऊस मिळून तिथे मुळातच प्रचंड गाळ येतो. लहान ओढ्यांच्या पातळीवर मात्र शेतीचा परिणाम स्पष्ट असतो: झरे आटतात, ओढा पावसात तासाभरात फुगतो आणि तेवढ्याच वेगाने ओसरतो, खालची धरणे गाळाने भरतात. मोठ्या नदीच्या पुराचा दोष डोंगरावरच्या अर्ध्या हेक्टरवाल्यावर ढकलणे अन्यायाचे आहे.

बांध घातले म्हणजे दरड थांबते का?

नाही, आणि हा गैरसमज जिवावर बेततो. धूप वरून वाहणाऱ्या पाण्याने होते. दरड आत मुरलेल्या पाण्याने. चर आणि मजगी पाणी मुरवतात. पातळ माती, खाली गुळगुळीत खडक किंवा चिकणमातीचा थर, आणि उभा उतार असेल तर मुरलेले पाणी मातीचे वजन वाढवते, तिची पकड सोडवते आणि अख्खा थर घसरतो. अशा जागी पाणी अडवणारे चर खणूच नयेत. उतरते चर काढून पाणी बाहेर काढावे, खोल मुळांची झाडे कायमची ठेवावीत, आणि खाली घर असू नये. झाडांची मुळे वरच्या दीड-दोन मीटर मातीला धरतात. त्याहून खोल घसरणीला ती अडवू शकत नाहीत.

ओळखायच्या खुणा: वरच्या अंगाला कोयत्यासारखी वळलेली भेग, बुंध्याशी वाकलेली झाडे, कोरड्या जागी अचानक फुटलेला झरा, भिंतीला नवी तिरपी चीर, दार न लागणे, नेहमीचा ओढा एकाएकी गढूळ होणे किंवा पाऊस असतानाही आटणे. अशा खुणा दिसल्या तर पाऊस थांबायची वाट न पाहता घर सोडायचे.

बटाट्यासारख्या पिकाचीही इथे अडचण आहे. जावाच्या दिएंग पठारावर, दोन हजार मीटर उंचीवर, शेतकरी सऱ्या उताराच्या दिशेने उभ्याच काढतात. आडव्या सरीत पाणी तुंबले की कंद सडतो, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो बरोबर आहे. पूर्ण आडवी सरी त्यांच्या गळी उतरवण्यापेक्षा एक-दोन टक्के उताराची तिरपी सरी काढून तिचे तोंड गवत लावलेल्या वाटेत सोडले, तर कंदही वाचतो आणि मातीही बरीच थांबते.

आधी काय पाहायचे

पैसे आणि मजूर थोडे असतात, म्हणून सगळे शेत एकदम बांधायला जाऊ नये. पहिला जोराचा पाऊस पडत असताना शेतात जावे. पाणी कुठून आत येते, कुठे वेग घेते, कुठे गढूळ होते, ते अर्ध्या तासात दिसते; कोरड्या दिवसात नकाशावर तेवढे कळत नाही. बऱ्याचदा निम्मे पाणी शेतातले नसतेच, वरच्या पायवाटेवरून किंवा रस्त्याच्या मोरीतून आलेले असते, आणि तिथे खणलेला एक उतरता चर दहा बांधांचे काम करतो. दगडांच्या टोप्या घातलेले मातीचे छोटे खांब उभे असतील तर त्यांची उंची म्हणजे त्या हंगामात तिथून गेलेली माती. झाडाचे मूळ किती बोटे उघडे पडले, बांधाशी खडे उरलेत की माती, वरच्या कडेचे पीक किती आखूड आहे, हे मोजून लिहून ठेवावे.

पाऊस ओसरला की त्याच दिवशी फावडे घेऊन प्रत्येक बांधावरून चालावे. मुठीएवढे भोक त्या दिवशी चार फावड्यांत बुजते; घुशीचे बीळ असेल तर तळापर्यंत उकरून, ओली माती थराथराने ठोकून भरावी, नुसते तोंड बंद करू नये. चरात साचलेला गाळ काढून बांधावर न टाकता पट्टीच्या वरच्या, फिक्या कडेला न्यावा.